देव्हाऱ्यातली डबी

अक्का, तुझ्या गुऱ्हाळाच्या वळचणीला असलेलं गांधीलमाश्यांचं पोळं आम्ही जाळलं. रणजितनं कळकाच्या टोकाला चिंध्या गुंडाळल्या, डिझेलमध्ये बुडवल्या आणि पेटवून वर धरल्या. हे काम अंधार पडल्यावर करायचं असतं, हे तूच त्याला शिकवलं होतंस. पण तुझ्या मुलाला तेवढाही धीर नव्हता. दिवसाउजेडी पोळं पेटलं. पंख जळालेल्या माश्या टपाटप खाली पडायला लागल्या, आणि मी पायातली चप्पल काढून त्यांना मारत सुटले. मेलेल्यांनाही मारलं. जमिनीवर काही उरलं नाही तरी मारत राहिले. चपलेचा पट्टा तुटला तेव्हा कुणीतरी माझा हात धरला.

मला वाटलं होतं, एवढं केल्यावर गार वाटेल. नाही वाटलं. मग लक्षात आलं की माझा राग माश्यांवर नाहीच. माश्यांनी माश्यांचं काम केलं. माझा राग तुझ्यावर आहे.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. ते मी बोलणार नाही असं नाही, पण आधी भांडण संपवू. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्धं भांडण टाकून उठून जायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही.

तू आधी हात उचलायचीस आणि कारण मागून सांगायचीस. शाळेत एका पोरानं माझी वेणी ओढली, तर तू उसाचं कांडं घेऊन त्याच्या मागे देवळापर्यंत धावलीस, त्याला झोडपलंस, परत आलीस आणि माझ्याही एक कानाखाली दिलीस. का, तर मी स्वतः का मारलं नाही म्हणून. मी रडत घरी आले आणि रात्रभर तुझ्या कुशीत झोपले. तुझं प्रेम असंच होतं, त्याचा वळ उठायचा. मी पुढे शिकावं म्हणून आपल्या अण्णांशी भांडलीस तेव्हाही तू ताट भिरकावलं होतंस. ते ताट उंबऱ्यावर आपटून चेपलं, आणि मी शिक्षिका झाले. कोल्हापुरात शाळेत इतकी वर्षं शिकवतेय ती त्या चेपलेल्या ताटाच्या जोरावर, हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणतेय.

दाजी गेले तेव्हा मुरगूडच्या आसपासची गुऱ्हाळं एकेक करून बंद पडत होती. सगळ्यांनी तुला सांगितलं, ऊस कारखान्याला घाल आणि सुखानं बस. तू बसली नाहीस. चुलवाण पेटलं, की रसाच्या काहिलीपासून चार हातांवर फळी टाकून तू ठाण मांडायचीस आणि गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या, म्हणजे दस्तगीरभाईंच्या, प्रत्येक हालचालीवर नजर ठेवायचीस. ते तुझ्याहून जुने जाणते. तरी तू त्यांना पाक कधी उतरायचा ते सांगायचीस, आणि ते "व्हय अक्का" म्हणून आपल्याला हवं तेव्हाच उतरायचे. हे तुम्हा दोघांचं बिनतक्रार चाललेलं होतं.

उकळत्या रसाच्या वासाला माश्या येणारच. तुला किती वेळा चावल्या असतील याची मोजदाद नाही. चावली की तू पानाच्या चंचीतला चुना लावायचीस आणि माशीच्या आईबापाचा उद्धार करायचीस. मी एकदा जरा ओरडले तर मला म्हणालीस, माशीचं भ्या असंल तर गुऱ्हाळावर कशाला येतीस, घरात बसून पापड लाट. म्हणूनच मागच्या हंगामात जे झालं त्यावर तुझा विश्वास बसला नाही. शंभरदा चावलेली माशी एकशे एकाव्यांदा जीवावर उठते, हे तुला पटेना. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

त्या दिवशी मी काकवी न्यायला आले होते. माशी मानेवर चावली. तू नेहमीसारखी शिवी दिलीस, चुना लावलास. मग तळहात खाजवायला लागलीस. मग तळपाय. बघता बघता पोटावर, पाठीवर, दंडावर लाल गांधी उठल्या, आणि जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात निकाल दिला, पित्त उठलंय. पित्त उठलं की आपल्याकडं काय करतात ते सगळं झालं. आमसुलाचं पाणी पाजलं, अंगाला चोळलं, वर घोंगडं पांघरलं. तू घोंगड्याखाली थरथरत होतीस आणि आम्ही तुला म्हणत होतो, पड जरा गप, उतरेल.

उतरलं नाही. तुझे ओठ सुजले. तुझा तो गावभर ऐकू जाणारा आवाज घोगरा झाला, मग नुसता श्वासाचा घरघर आवाज. भडाभडा उलटी झाली. तू माझा दंड इतका घट्ट धरलास की नखं रुतली, आणि म्हणालीस,

"शालन, मला कायतरी व्हाय लागलंय. मी चाललो गं."

तुझ्या तोंडून भीती मी पहिल्यांदा ऐकली. मग जी पळापळ झाली ती आपल्या पद्धतीची. मोटारसायकलवर पुढं एक, मागं एक, मध्ये तुला कोंबून बसवलं आणि तसंच मुरगूडला नेलं. वाटेत तुझी मान पडली, तर मागच्यानं केस धरून ती वर केली. त्याला वाटलं, मान सरळ ठेवली म्हणजे जीव राहतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तुझ्या नातीच्या वयाच्या वाटत होत्या. त्यांनी एक नजर टाकली आणि तुला जमिनीवरच आडवं करायला लावलं. पाय उचलून स्टुलावर ठेवले. लुगड्यावरूनच मांडीत सुई खुपसली. मग सलाइन, ऑक्सिजन, बाकीचं सगळं. थोड्या वेळानं तुझ्या चेहऱ्यावर रंग आला, तू डोळे उघडलेस आणि पहिलं वाक्य बोललीस ते तुझा ब्लाउज कुणी कापला याबद्दल होतं. मी तिथंच भिंतीला टेकून हसले आणि रडले.

बाई मात्र हसल्या नाहीत. आम्हाला ओळीत उभं करून झापलं. हे पित्त नव्हे, ही अॅलर्जी, आणि सगळ्यात वाईट जातीची. नुसती अंगाला खाज असेल तर एक वेळ थांबा. पण खाजेबरोबर आवाज बसला, दम लागला, उलटी झाली, चक्कर आली, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही. खाजेची गोळी खाज थांबवते, मरण थांबवत नाही. अशा वेळी माणसाला उभं करायचं नाही, चालवायचं नाही, गाडीवर बसवून तर अजिबात न्यायचं नाही. आडवं करून पाय वर. दम फारच लागला तर पाठीला टेकू द्यायचा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं. आणि सगळ्यात आधी इंजेक्शन. त्यांनी नाव सांगितलं, अॅड्रेनॅलिन. काचेची कुपी कशी फोडायची, अर्धा सीसी कसा ओढायचा, मांडीच्या बाहेरच्या अंगाला कसं टोचायचं, हे त्यांनी पाणी भरलेल्या सुईनं मोसंबीवर आमच्याकडून करून घेतलं. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं. आणि बरं वाटलं तरी दवाखाना चुकवायचा नाही, कारण हे काही तासांनी उलटून परत येऊ शकतं.

तुझी सून सुवर्णा मोसंबी टोचताना अजिबात डगमगली नाही. बाई तिला म्हणाल्या, तुम्हाला जमेल. मी हे मुद्दाम लिहून ठेवतेय.

एका पत्र्याच्या डबीत दोन कुप्या, दोन सुया. उन्हापासून, उजेडापासून, उष्णतेपासून लांब ठेवा, एवढं त्यांनी बजावलं. गुऱ्हाळात ठेवणं शक्य नव्हतं, तिथं चुलवाणाची धग. मी म्हटलं, पुढच्या सोप्यात पाण्याच्या माठाशेजारी कोनाडा आहे, तिथं ठेव, गार असतो. तू मान उडवलीस. म्हणे त्या कोनाड्यात येणारा-जाणारा हात घालतो, काडेपेट्या ठेवतो, पोरं गोट्या ठेवतात. तू डबी घेऊन आधी जोतिबाला गेलीस. देवाच्या पायाला लावलीस, गुलालात लोळवलीस आणि आणून देवघरातल्या दगडी देव्हाऱ्यात, देवांच्या टाकांच्या मागे ठेवलीस.

मी भांडले. इंजेक्शन म्हणजे काय नारळ आहे का, म्हटलं. तू शांतपणे उत्तर दिलंस, आणि तू शांत असलीस की मला जास्त राग यायचा.

"घरात त्याच्याएवढी गार नि अंधारी जागा दुसरी हाय का? कुणी तितं हात घालत न्हाय, काय हलवत न्हाय. आन् देव्हारा कुटं हाय ते सांगाय लागतंय व्हय? आंधळ्यालाबी घावंल."

मी विचारलं, सुवर्णाची पाळी असली तर? तुझ्याकडं त्याचंही उत्तर तयार होतं. तिचं चार दिवस असलं तर मी हाय, रणजित हाय. तिघांतलं एकतरी असतंच की शिवाय चालणारं. तुझं म्हणणं बिनतोड होतं. शाळेत मी पोरांना गणितं शिकवते, आणि मलाही त्यातली खोट दिसली नाही. तरी जाताना मी म्हटलंच, कोनाडाच बरा होता. तू म्हणालीस, बघू पुढच्या खेपेला. हेच ते अर्धं राहिलेलं भांडण.

मग बापू मेला. तुझा चुलत दीर, ज्यानं बांध कोरला म्हणून तू त्याच्या अंगावर खुरपं फेकलं होतंस, ज्याच्या दारावरून जाताना तू थुंकायचीस. तो मेला तेव्हा तू डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. पण भावकी ती भावकी. त्याचं सुतक तुम्हा सगळ्यांना लागलं. तुला, रणजितला, सुवर्णाला, गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांना एकदम. तू स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यावर पांढरा पडदा ओढलास. जिवंतपणी ज्याचं तोंड पाहिलं नाहीस त्याच्यासाठी तू देव बंद केलेस, अक्का. आणि देवांच्या मागे होती ती डबीही.

ऊस तोडून पडला होता, तो सुतकासाठी थांबत नाही. गुऱ्हाळ चालू होतं. रणजित गूळ घेऊन कोल्हापूरला गेला होता. पुढचं मी पाहिलेलं नाही. सुवर्णानं सांगितलंय आणि दस्तगीरभाईंनी सांगितलंय, आणि दोघांचं सांगणं कुठंही वेगळं पडत नाही.

माशी तुझ्या पदरात शिरली होती. खांद्यावर दोनदा चावली. या वेळी तू चुना मागितला नाहीस. तळहात खाजले तशी तू फळीवरून उतरलीस, खाली आडवी झालीस आणि पाय फळीवर टाकलेस. जसं बाईंनी सांगितलं होतं तसं. इतक्या वर्षांत तू कुणाचं ऐकलंस असं मी पहिल्यांदा ऐकत होते. तू सुवर्णाला हाक मारलीस,

"डबी आण."

ती धावली. अंगण ओलांडलं की घर, सोपा ओलांडला की देवघर. तिनं पडद्याकडं हात नेला, आणि तिचा हात तिथं थांबला. नंतर ती मला म्हणाली,

"मावशी, हात पुढं जाईचना. वाटलं आत्ती मागं उभ्या हाईत."

आत्ती म्हणजे तू. तिचा हात कुणी धरला हे गावाला कळलं नाही, मला कळलं. तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तुझ्याकडं आले होते. सुवर्णाची पाळी होती, ती बाजूला बसली होती. देव्हाऱ्यातली समई लवंडली, पडद्याला जाळ लागला, आणि घरात दुसरं कुणी जवळ नव्हतं, मीही अंगणात होते, म्हणून त्या पोरीनं आत जाऊन समई उचलली आणि हातानं जाळ विझवला. तू परसातून आलीस. तिनं घर वाचवलं होतं. तू तिचं मनगट धरून असं पिरगाळलंस की बांगडी फुटून आत रुतली. ते वण अजून आहेत. तू म्हणालीस, घर जळालं तर जळू दे, पर शिवायचं न्हाय. त्या दिवशी मी तुझ्याशी इतकी भांडले की जेवण न करता एसटी धरली. सहा महिने तुझ्याशी बोलले नाही.

घर जळालं तर जळू दे. अक्का, तुझ्या सुनेनं तुझं ऐकलं. तू तुडवून, पिरगाळून तिच्या मनगटात जे घातलंस, ते तुझा जीव जात असताना बरोबर वर आलं. तू खाली गुऱ्हाळात डबी मागत होतीस, आणि तूच वर देवघरात तिचा हात धरून उभी होतीस. तू समोर असतीस तर मी तुझे खांदे धरून तुला गदागदा हलवलं असतं. तू मला मारलं असतंस. मारायचं होतंस. पण असायला हवी होतीस.

सुवर्णा बाहेर पळाली, सुतक नसलेलं माणूस शोधायला. सगळी गल्ली भावकीची. ती किंचाळत परत गुऱ्हाळात आली आणि दस्तगीरभाईंचा सदरा धरून त्यांना ओढलं. काहिलीत पाक उतरायला आला होता. त्या क्षणी गुळव्या हलला तर काहिलीतलं आख्खं आदण जळतं. ते फावडं टाकून धावले. इतकी वर्षं तुझ्याकडं कामाला, पण सोप्याच्या पुढं त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. देवघराच्या उंबऱ्याशी ते थांबले, आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? वळून मोरीत गेले आणि हातपाय धुतले. तुझ्या देवाचा मान राखायला. मग आत जाऊन डबी काढली.

हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. "हात धुवाय नगो हुतं, बाई," एवढंच म्हणाले. तुमच्यामुळं काही झालं नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं असं वाटत नाही.

सुवर्णानं कुपी फोडली, औषध ओढलं, मांडीत टोचलं. हात कुठं चुकला नाही. पण तोवर तुझी नजर वर गेली होती आणि ओठ निळे पडले होते. तिनं दुसरंही टोचलं. तुला आडवीच टेम्पोत घातली, पाय वर धरून. या वेळी सगळं बरोबर केलं, फक्त उशिरा. मुरगूडचा दवाखाना दिसायला लागला तेव्हा तुझा श्वास थांबला. डॉक्टरीणबाई बराच वेळ तुझ्या छातीवर दाब देत राहिल्या. मग बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या.

इकडं आदण जळून कोळसा झालं होतं. रणजित आला, त्यानं तुला पाहिलं आणि आधी गुऱ्हाळात गेला. काहिलीतला तो काळा थर त्यानं पहारीनं फोडला. पहार काहिलीला लागून ठणाणा वाजत होती, गल्लीत सगळ्यांना ऐकू जात होतं. तो थकेपर्यंत कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. मग तो घरात आला आणि सुवर्णाला एकच वाक्य बोलला.

"एवढंच तर करायचं हुतं."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. ती पाणी द्यायची, तो तांब्या बाजूला सारायचा. तुझ्या थोरल्या जाऊबाई येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगत बसल्या, सून डबीपाशी जाऊन रिकाम्या हातानं परत आली. शिवाय दस्तगीरभाईंचा हात लागला म्हणून देव गोमूत्रानं धुवायचे म्हणाल्या. त्यावर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण तू खूश झाली असतीस. एका सकाळी सुवर्णा देवघराच्या उंबऱ्यावर डोकं आपटताना सापडली. रक्त नाकावर आलं होतं. मी तिला मागून मिठी घालून ओढलं, तर ती मलाच बुक्क्या मारायला लागली. मारू दिलं. दुपारी रणजित मला बाजूला घेऊन म्हणाला, दिवस झाले की तिला माहेरी घालवतो, पुढचं पुढं बघू.

हे घर मोडायला आलं होतं, अक्का. तू गेलीस तेवढ्यानं मोडलं नसतं, पण 'एवढंच तर करायचं हुतं' या एका वाक्यानं मोडलं असतं. मी त्याला काही समजावलं नाही. समजावणं आपल्या रक्तात नाही.

मी मुरगूडला गेले. डॉक्टरीणबाईंकडून नव्या कुप्या, नव्या सुया घेतल्या. गुऱ्हाळावर एवढी माणसं राबतात, माश्या काही सगळ्या जळालेल्या नाहीत. घरी आले. मी परक्या घरात दिलेली, मला तुमच्या भावकीचं सुतक नाही. मी सरळ देवघरात गेले, पडदा सारला, डबी टाकांच्या मागे जिथं तू ठेवायचीस तिथंच ठेवली आणि पडदा परत ओढला. मग सोप्यात बसलेल्या रणजितला हाक मारली. सुवर्णा चुलीपाशी होती. जाऊबाई होत्याच.

मी म्हटलं, डबी काढ.

सुतक हाय की मावशी, तो म्हणाला. मी म्हटलं, तेव्हाही होतं. एवढंच तर करायचं होतं ना? मग कर. तुझी आई खाली पडलीय असं समज आणि काढ.

तो तिरमिरीत उठला. देवघरात शिरला, ताडताड पडद्यापाशी गेला, हात वर केला. आणि, अक्का, त्याचा हात थांबला. बरोबर तिथंच. पडद्यापासून वीतभर अलीकडं. ज्यानं पहारीनं काहील फोडायला काढली होती, तो हात पुढं जात नव्हता. त्यानं पुन्हा जोर केला. नाही गेला. त्याच्या कपाळावर घाम आला. जाऊबाईंनी मान खाली घातली.

मग भिंतीला धरून तो खाली बसला आणि "आई, आई" करत ढसाढसा रडायला लागला. तू गेल्यापासून तो रडला नव्हता.

सुवर्णा चुलीपासून उठून आली. कपाळावर पट्टी, हात राखेनं भरलेले. ती त्याच्याशेजारी उभी राहिली. बांगडीचे वण असलेल्या हातानं तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला उठवलं. म्हणाली,

"मलाबी आसंच झालं हुतं."

आणि तिनं दोघांचे हात एकदम पडद्याआड घातले. झटका असा बसला की टाक लवंडले, जोतिबाचा टाक खणकन खाली पडला, गुलाल फरशीवर सांडला. डबी बाहेर आली. राखेचे आणि गुलालाचे हात तिच्यावर होते. काही झालं नाही, अक्का. वीज पडली नाही, कुणाला झीट आली नाही. शेजारी कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

रणजितनं टाक उचलला, सदऱ्याला पुसला आणि जागेवर ठेवला. सुतकात, स्वतःच्या हातानं. मग सुवर्णानं तांब्या भरून आणला आणि तो प्यायला.

संध्याकाळी तिनं दस्तगीरभाईंना, उसाच्या मोळ्या वाहणाऱ्यांना, जाऊबाईंना, सगळ्यांना सोप्यात बसवलं आणि मोसंब्या वाटल्या. कुपी कशी फोडायची, किती ओढायचं, कुठं टोचायचं. खाजेबरोबर आवाज बसला की थांबायचं नाही. आडवं करायचं, उभं करायचं नाही. एकजण हसला तर ती त्याच्यावर अशी कडाडली की मी दचकून मागे पाहिलं. वाटलं, तूच आलीस. जाऊबाईंनी तीन मोसंब्या फुकट घालवल्या आणि चौथी बरोबर टोचली.

डबी आता सोप्यात माठाशेजारच्या कोनाड्यात आहे. तिथं सोवळ्यातला, ओवळ्यातला, सुतकातला, पाळीतला, कुणाचाही हात जातो. काडेपेट्या आणि गोट्या सुवर्णानं काढून टाकल्या. मी परवा कोल्हापूरला परत जाईन. निघण्याआधी त्या कोनाड्यात एकदा हात घालून डबी जागेवर आहे का बघेन, कारण आता मला सवय लागलीय.

तू म्हणाली होतीस, बघू पुढच्या खेपेला. ती खेप आली आणि गेली. हे भांडण मी जिंकलंय, अक्का, आणि असं जिंकलेलं मला नको आहे. मला फक्त तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की कोनाडाच बरा होता. आता तरी व्हय म्हण की.